खेळातली मुलगी गोरीच का हवी?

टोरोंटोजवळ राहणाऱ्या आणि माहेर नागपूरच्या महाल भागातले असलेल्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा चौदा वर्षांचा. मुलगी व्हिडिओ गेम खेळायला बसली की स्वतःसाठी दर वेळी गोरी, सोनेरी केसांची मुलगी तयार करते. मुलगा मात्र बहुतेक खेळांत स्त्रीपात्र घेऊन खेळतो आणि ते त्याच्या वडिलांना खटकते. या बाई विचारतात, ‘‘मुलीला आपल्यासारखी दिसणारी मुलगी घे म्हणून सांगावे का? मुलाला थांबवावे का? की हा खेळच आहे म्हणून लक्ष देऊ नये?’’

लक्ष अवश्य द्यावे, पण पहिल्याच दिवशी सांगायला जाऊ नये, आधी विचारावे. असे का म्हणते, ते मला स्वतःला ज्या प्रसंगातून उमगले तो प्रसंग आधी सांगते.

नागपुरात, धरमपेठेत माझी धाकटी बहीण राहते. तिची डॅलसची नात मागच्या वर्षी मेच्या अखेरीस, ऐन नवतपात, सुट्टीला आली होती. बाहेर पारा ४५ अंशांवर, दारेखिडक्या बंद, खोलीत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि सतरंजीवर पालथी पडून ती मुलगी लॅपटॉपवर एक खेळ खेळत होती, ज्यात माणसे घडवून त्यांचे घर वसवायचे असते. तिने आधी आजी केली, पांढऱ्या अंबाड्याची. मग चष्म्याचे बाबा केले, मग आई. प्रत्येकाचा रंग तिने इतक्या निगुतीने जुळवला की बाबांचा थोडा गडद आणि आईचा थोडा फिका हा फरकही त्यात उतरला होता. शेवटी तिने एक मुलगी केली आणि रंगाची पट्टी सरकवत सरकवत अगदी फिक्या टोकाला नेऊन ठेवली.

‘‘आणि ही कोण गं?’’ बहिणीने विचारले.

‘‘ही मी.’’

माझ्या तोंडाशी एक छोटेसे भाषण आले होते. शाळेत समुपदेशनाचे काम केलेल्या माणसाला ती सवयच लागते. पण मी स्वतःला आवरले आणि एवढेच विचारले, की हिला असा रंग का दिलास? तिने काहीही न बोलता पट्टी मागे आणून स्वतःच्या खऱ्या रंगावर थांबवली आणि पडद्याकडे बोट दाखवले. ‘‘बघ ना, तोंड धुतलेले नाही असे वाटते.’’ मी वाकून पाहिले, तर ते खरेच होते. तो चेहरा सावळा दिसतच नव्हता. राख फासल्यासारखा करडा आणि मळकट दिसत होता, आणि गालांवरची चमकही नाहीशी झाली होती. मग, जणू ही दुसरी गोष्ट फारशी महत्त्वाची नाही अशा सुरात, ती आजीकडे वळून म्हणाली, ‘‘आणि काल तूच म्हणालीस, उन्हात जाऊ नको, काळी पडशील.’’

कूलरचा आवाज तेवढा राहिला. बहीण उठून पन्हे करायला गेली.

त्या एका निवडीमागे दोन अगदी वेगळी कारणे होती. एक यंत्रातले आणि एक घरातले. मी भाषण दिले असते तर दोन्ही मला कळली नसती, आणि त्या मुलीला एवढाच बोध झाला असता की खेळातसुद्धा तिचे काहीतरी चुकते.

यंत्रातले कारण परदेशातल्या पालकांनी नीट समजून घ्यावे, कारण मुलांना ते समजावून सांगता येते आणि त्यातून त्यांच्या मनावरचा भार हलका होतो. पडद्यावरची त्वचा म्हणजे केवळ रंग नसतो. तिच्यावर पडणारा प्रकाश किती परततो आणि किती आत मुरतो याचा तो हिशेब असतो. हा हिशेब गोऱ्या चेहऱ्यासमोर बसून केला आणि नंतर त्यावर फक्त गडद रंग चढवला, तर सावळा चेहरा निर्जीव दिसतो. छायाचित्रणातही असेच घडले होते. रंगीत फिल्म धुताना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-छायाचित्रे वापरली जात, त्यांत अनेक वर्षे गोऱ्या स्त्रियाच असत. ‘द सिम्स ४’ या लोकप्रिय खेळातील गडद रंग करडे आणि डागाळलेले दिसतात अशी तक्रार खेळणारे बरीच वर्षे करत होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्या खेळात १०० हून अधिक नव्या त्वचाछटा आल्या. म्हणजे दोष दुरुस्त होण्याजोगा होता आणि लोकांनी मागणी लावून धरल्यावर तो दुरुस्त केला गेला. मुलीला हे सांगा. ‘‘तुझा रंग मळकट नाही, हे चित्र काढणाऱ्याला तो काढता आलेला नाही,’’ हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलीला सहज समजते.

मुळात अशी निवड करता येणे हीच अलीकडची गोष्ट आहे. ‘पोकेमॉन’ मालिकेत स्वतःच्या पात्राचा वर्ण निवडण्याची सोय पहिल्यांदा २०१३ मध्ये आली. ‘माइनक्राफ्ट’मध्ये कितीतरी वर्षे स्टीव्ह हा एकच तयार चेहरा होता, २०१४ मध्ये अ‍ॅलेक्स आली आणि वेगवेगळ्या वर्णांचे व केशरचनांचे आणखी सात चेहरे येण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५० खेळांतील पात्रे मोजली गेली, तेव्हा त्यांतील ८५ टक्क्यांहून अधिक पुरुष निघाले आणि गोऱ्यांचे आणि प्रौढांचे प्रमाण प्रत्यक्ष लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त आढळले. तुमचा मुलगा आणि मुलगी ज्या खेळांत रमतात, ते खेळ घडवणारे लोक याच जुन्या खेळांवर वाढलेले आहेत.

स्त्रीपात्रांची कथाही अशीच आहे. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये खेळणारा सगळा वेळ चिलखत घातलेल्या एका योद्ध्याला चालवतो, आणि ठरावीक वेळेच्या आत खेळ संपवला तरच चिलखत उतरते व ती सॅमस अ‍ॅरन नावाची स्त्री असल्याचे कळते. खेळभर जी स्वतः लढली, तिचे स्त्री असणे शेवटी बक्षीस म्हणून दाखवले जावे, हे मला आजही बोचते. २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त अनेकांनी मिळून खेळायच्या भागात एकही स्त्रीपात्र का नाही, असे विचारले गेले, तेव्हा निर्मात्यांकडून उत्तर आले की त्यासाठी हालचालींचे आणि पोशाखांचे काम दुप्पट झाले असते. याच क्षेत्रातल्या काही अनुभवी लोकांनी ते उत्तर तेव्हाच खोडून काढले. चार वर्षांनी त्याच मालिकेतील प्राचीन ग्रीसवरच्या खेळात कसांड्रा आणि अलेक्सिऑस या बहीणभावांपैकी कोणालाही घेऊन संपूर्ण कथा खेळण्याची मुभा होती. ‘जमत नाही’ आणि ‘गरज वाटली नाही’ यांतला फरक मोठ्या मुलांशी बोलताना अशा उदाहरणाने चांगला उलगडतो.

पत्रातल्या मुलाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यात काळजी करण्यासारखे मला काही दिसत नाही. लारा क्रॉफ्टचा पहिला खेळ १९९६ चा, आणि तेव्हापासून लाखो मुलगे तिच्या वेशात गुहा धुंडाळत आले आहेत. कोणी पात्राच्या चपळाईसाठी ते निवडतो, कोणी कथेसाठी, कोणाला केवळ वेगळे काही हवे असते. वडिलांना मी एवढीच आठवण करून देईन, की ज्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर आपल्या पणजोबांची पिढी जीव ओवाळून टाकत होती आणि ज्यांची लुगडे नेसण्याची ढब घरोघरच्या स्त्रिया उचलत होत्या, ते नारायणराव राजहंस हे पुरुषच होते. नागपुरात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलांत एखादी मुलगी शिवाजी महाराजांच्या वेशात दिसते, तेव्हा आपण कौतुकाने तिच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवतो. दुसऱ्याचा वेश घेऊन त्याच्या जागी उभे राहणे हे आपल्याला नवे नाही. वडिलांनी एक संध्याकाळ मुलाशेजारी बसावे आणि त्या पात्राची कथा काय आहे ते त्याच्याकडून ऐकावे.

मुलीच्या बाबतीत मात्र पुढे एक गोष्ट जपावी लागेल. तीन-चार वर्षांनी ती इतरांशी आवाजी संभाषण करत खेळू लागेल, आणि त्या वेळी जर तिने अचानक पुरुषपात्र व पुरुषाचे नाव घेतले, तर ती आवड असेलच असे नाही. मुलीचा आवाज ऐकू येताच घाणेरडे बोलणारे लोक तिथे असतात, आणि कितीतरी मुली त्यांच्यापासून वाचण्यासाठी गप्प राहतात किंवा नाव बदलतात. अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय बंद ठेवता येते. ती कशी बंद करायची हे दोघी मिळून आजच पाहून ठेवा.

आता ‘आपल्यासारखी’ पात्रे. इथे मी पालकांना सावध करू इच्छिते, कारण भारतीय पात्र दिसले की आपण हरखून जातो आणि ते कसे आहे हे पाहायचे राहून जाते. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधला धालसिम हा जगभरच्या खेळणाऱ्यांना माहीत झालेला भारतीय: गळ्यात लहान कवट्यांची माळ, रबरासारखे ताणले जाणारे हातपाय आणि तोंडातून ज्वाळा. तो एकटाच असल्यामुळे एका पात्राच्या खांद्यावर अख्खा देश आला, आणि ज्या वर्गात तुमचे मूल एकटेच भारतीय असते त्या वर्गात त्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर येते. २०१६ च्या ‘ओव्हरवॉच’मधली सिमेट्रा, म्हणजे सत्या वासवानी, प्रकाशाला घनरूप देऊन वस्तू उभारणारी बुद्धिमान स्त्री आहे, तरीही तिला देवीच्या रूपातले पोशाख दिले गेले तेव्हा त्यावर आक्षेप घेतले गेले. २०२० मध्ये ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये जर्सी सिटीत वाढलेली, पाकिस्तानी वंशाची कमला खान कथेच्या केंद्रस्थानी आली. देश शेजारचा असला तरी घरातले बोलणे, आईवडिलांचा धाक आणि शाळेतले एकटेपण तुमच्या मुलीला ओळखीचे वाटेल. एकच पात्र बरे की वाईट, यावर अडून बसण्यापेक्षा अशी दहा पात्रे मुलांना भेटावीत असे मला वाटते. मग त्यांतले एखादे विचित्र निघाले तरी बिघडत नाही.

दोन खेळ मात्र नाव घेऊन सुचवते. पहिला ‘वेन्बा’, २०२३ चा, तुमच्याच टोरोंटोत तयार झालेला. १९८० च्या दशकात कॅनडात आलेल्या तमिळ कुटुंबातील आई हे त्यातले आपले पात्र. स्वतःच्या आईच्या जुन्या, फाटक्या पाककृतींच्या वहीतले पुसलेले शब्द अंदाजाने भरून काढत तिला इडलीपासून एकेक पदार्थ करायचा असतो, आणि मुलगा हळूहळू तमिळपासून दुरावत जातो. एका संध्याकाळीच संपण्याइतका तो छोटा आहे. मुलीला चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी बसा. मध्ये कुठेतरी तुमचा कंठ दाटून येईल, ते तिच्यापासून लपवू नका. दुसरा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’, २०२० चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, ज्यात धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी असुरांशी लढते. लढाई असल्यामुळे तो आधी मुलाने खेळावा आणि बहिणीने शेजारी बसून पाहावा. हा खेळ करणारे लोक पुण्यात बसून काम करतात, हे आवर्जून सांगा. खेळ घडवणारी माणसे आपल्यातली असू शकतात, हे मुलांच्या सहसा ध्यानात येत नाही.

राहिले घरातले कारण, आणि तेच अधिक अवघड आहे. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे, की मुलगी ‘रंगाने सासरकडे गेली आहे’. हे वाक्य तुम्ही मराठीत लिहिलेत, आणि बहुधा मराठीतच तिच्यासमोर बोलतही असाल. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी फारशी कळत नाही असा आपला समज असतो. पण काळी, उजळ, निमगोरी, फेअर हे शब्द त्यांना सर्वांत आधी कळतात, कारण ते त्यांच्याविषयीच बोललेले असतात. लग्नाच्या स्थळांविषयी फोनवर चाललेले बोलणे, व्हिडिओ कॉलवर ‘किती काळवंडली गं’ असे म्हणणारी आत्या, घरी आणलेली उजळपणाची क्रीम, हे सगळे एका बाजूला आणि खेळातली पट्टी दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. ती पट्टी फिक्या टोकाला नेताना मुलगी परक्या देशाचे ऐकत असते की आपले, हा प्रश्न मला त्या दुपारपासून सुटलेला नाही. म्हणून खेळणे बंद करण्याआधी घरातले हे शब्द बंद करा, आणि ते मुलीला ऐकू जाईल असे, मोठ्यांना तोंडावर सांगून करा. नागपूरच्या आजीलाही सांगा. आजीला वाईट वाटेल या भीतीने पुष्कळ सुना आणि लेकी गप्प राहतात, पण प्रेमाने सांगितले तर आज्या समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या बहिणीला कोणी काही सांगावेच लागले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी चपला घालून फाटकाशी निघाली, तेव्हा बहिणीने स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘‘टोपी घाल आणि खिशात कांदा ठेव गं, ऊन लागेल.’’