नुसती प्लॅस्टिकबंदी मागून भागेल का? परत वापरायच्या पॅकिंगसाठी सरकारकडे नेमकं काय मागायचं?

तुम्ही विचारलंय की तुमचा सात-आठ जणांचा ग्रुप एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकविरोधात निवेदन देणार आहे, तर त्यात सरळ बंदी मागावी की अजून काही. माझं मत, बंदी मागा पण ती पहिल्या नंबरला टाकू नका. पहिल्या नंबरला हे टाका की रिकामी बाटली, रिकामा डबा परत कसा येणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार. कारण बंदी आली की प्लॅस्टिकच्या कपाच्या जागी कागदाचा कप येतो, त्यालाही आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतंच, आणि कचरापेटी होती तेवढीच भरते.

मी काही पर्यावरणातला तज्ज्ञ वगैरे नाही, चार वर्षं बाटल्या धुवायच्या लाइनवर सुपरवायझर होतो, त्यामुळे मला हा विषय त्या बाजूनं दिसतो. परत आलेली काचेची बाटली कधी निरखून बघा, खांद्यापाशी आणि बुडापाशी एक पांढुरका खरबरीत पट्टा दिसेल, तो बाटल्या एकमेकींना घासून पडतो. पट्टा जितका रुंद तितक्या जास्त फेऱ्या. आम्ही नुसत्या नजरेनं सांगायचो की ही म्हातारी झाली, काढा हिला. अशी काचेची बाटली नीट सांभाळली तर ५० वेळासुद्धा भरता येते, जाड पेट प्लॅस्टिकची त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि जे लोक "उष्टी बाटली कशी वापरायची" म्हणतात ना, त्यांना एकदा ती लाइन दाखवायला हवी, गरम कॉस्टिक सोड्याच्या टाक्या, लेबलचा लगदा होऊन बाहेर पडतो, मग पाण्याचे फवारे, मग कॅमेरा प्रत्येक बाटलीचा तळ न् तोंड बघतो आणि जरा शंका आली की बाजूला ढकलतो.

आता खरी गंमत. आमच्याकडे ज्यांच्या बाटल्या यायच्या त्यातल्या एका कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी कागदी लेबल काढून चकचकीत फिल्मचं लावलं. दिसायला झकास, पण कॉस्टिकमध्ये त्याचा लगदाच होईना, सुटलं तर अख्खं सुटायचं आणि जाळीला जाऊन चिकटायचं, दर दीड-दोन तासांनी लाइन बंद आणि आम्ही ग्लोव्हज घालून पत्र्याच्या पट्टीनं खरवडत बसलोय. मग त्यांना बाटलीचा आकारही वेगळा हवा झाला, अंगावर नाव उठवलेला. ती बाटली इतरांच्या क्रेटमध्ये बसेना, निवडून वेगळी करायला दोन माणसं लागायला लागली, परत धाडायची तर त्यांच्याच कारखान्यात, जवळच्या कुणाला तिचा उपयोग नाही. वर्षभरात त्यांनी हिशोब मांडला की परत आणणं परवडत नाही आणि गेले एकदाच वापरायच्या बाटलीवर. अहो, पण परवडेनासं तुम्हीच केलंत की!

म्हणून निवेदनात हे असलं कंटाळवाणं काहीतरी लिहा: ठरावीक आकाराच्या, सगळ्यांना चालतील अशा बाटल्या-डबे, धुताना निघेल असंच लेबल आणि डिंक, आणि धुलाई केंद्रं सगळ्यांना वापरता येतील अशी. यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण सगळं घोडं इथंच अडतं.

दुसरं म्हणजे डिपॉझिट, रिकामी बाटली आणून दिली की परत मिळणारे पैसे. इथं बरेच लोक जर्मनीचं उदाहरण देतात, ते द्याच, पण पूर्ण द्या. तिथं २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर सक्तीचं डिपॉझिट आहे, आता २५ युरो सेंट, आणि परत भरायच्या बाटलीवर कमी, साधारण ८ किंवा १५ सेंट. एकदाच वापरायच्या बाटल्याही जवळपास सगळ्या परत येतात. वा! पण परत येऊन होतं काय, तर मशीन ती चेपते आणि ती रिसायकलिंगला जाते. परत भरायच्या बाटल्यांचा वाटा वाढायच्या ऐवजी उतरला, कायद्यात उद्दिष्ट ७० टक्क्यांचं आणि प्रत्यक्षात गाडी चाळिशीत, कारण उद्दिष्ट चुकलं तर कुणाला दंड नाही. म्हणजे डिपॉझिटनं गोळा होतं, परत भरलं जाईलच असं नाही. त्यासाठी वेगळा आकडा लागतो, अमुक सालापर्यंत इतके टक्के माल परत भरायच्या पॅकिंगमध्ये, नाही जमलं तर इतका दंड. कंपन्यांच्या मनावर सोडू नका, कोका-कोलानं २०२२ मध्ये जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत २५ टक्के पेयं परत भरायच्या पॅकिंगमध्ये देऊ, आणि २०२४ च्या डिसेंबरात नवी उद्दिष्टं आली त्यात ते नव्हतंच.

डिपॉझिट नसेल तर काय होतं तेही सांगतो. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात २०२४ मध्ये तीन महिने तीसेक हॉटेलांनी पार्सलला परत वापरायचे कप दिले, डिपॉझिट काही नाही, कप परत टाकायला गावभर पेट्या ठेवलेल्या, तर निम्म्याच्या आसपास परत आले. डेन्मार्कमधल्या आरहूसमध्ये त्याच वर्षी ५ क्रोनर (तिथलं चलन) डिपॉझिट लावून तशीच व्यवस्था सुरू झाली, मशीनमध्ये कप टाकला की पैसे परत, तिथं ८० टक्क्यांच्या वर गेलं. खरं तर फुकटात निम्मे परत आले हेच मला जास्त आश्चर्याचं वाटलं, पण निम्म्यावर धंदा चालत नाही, प्रत्येक कप दोनदाच वापरला जाणार असेल तर जाड कप बनवणं उलट महागात पडतं, पैशानंही आणि प्लॅस्टिकनंही.

आणि व्याख्या!! सरकारी नियमांचा मसुदा हातात आला की आधी व्याख्यांचं पान उघडा. कॅलिफोर्नियातच पातळ पिशव्यांवर बंदी आणली २०१४ च्या कायद्यानं, पण जाड प्लॅस्टिकची पिशवी "परत वापरता येण्याजोगी" म्हणून चालेल अशी पळवाट ठेवली. लोकांनी त्या जाड पिशव्याही एकदाच वापरून फेकल्या, कचऱ्यातल्या पिशव्यांचं वजन आधीपेक्षा वाढलं आणि ती पळवाट बुजवायला २०२४ साल उजाडलं. तेव्हा "परत वापरता येण्याजोगं" असं नका लिहू, "परत घेऊन, धुऊन, परत भरलं जातं" असं लिहा, आणि कमीत कमी किती फेऱ्या तेही.

पैसे लावले की त्यानंही काम होतं हं. आयर्लंडनं २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट लावले आणि ते गिऱ्हाईकाकडूनच घ्यायचे, दुकानदारानं स्वतःच्या खिशातून भरायचे नाहीत असं ठरवलं, वापर ९० टक्क्यांच्या आसपास घसरला. जर्मनीतल्या ट्यूबिंगेननं २०२२ पासून पार्सलच्या एकदाच वापरायच्या भांड्यांवर नगामागे ५० सेंट कर लावलाय, तो पार घटना न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये वैध ठरला. स्थानिक पातळीवर काही करता येत नाही असं कुणी म्हणालं तर हे पुढे करा.

विरोधात मुद्दे येतील, त्यातला एक मी मान्यच करतो, अंतराचा. जड काचेची बाटली शेकडो किलोमीटर लांब रिकामी परत न्यायची तर डिझेलचा हिशोब बिघडतो. म्हणून सगळीकडे सगळ्याला सक्ती मागू नका. सुरुवात बंदिस्त जागांपासून मागा, स्टेडियम, ऑफिस-कॉलेजची कँटीन, हॉस्पिटल, जिथं वस्तू दाराबाहेर जातच नाही आणि परत येण्याचा प्रश्नच मिटतो. फ्रान्सनं जानेवारी २०२३ पासून २० किंवा जास्त लोक बसतील अशा हॉटेलांत बसून खाणाऱ्यांना धुवून वापरायचीच भांडी द्यायची सक्ती केली, बर्गरवाल्यांसकट. धुवायला लागणाऱ्या पाण्याचा मुद्दा निघेल तेव्हा फक्त एवढं म्हणा की नवीन बाटली बनवायला किती लागतं तेही शेजारी मांडा. रिसायकलिंगचं म्हणाल तर ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबानं २०१९ मध्ये जगातल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के खरोखर रिसायकल झाला, यावर वेगळं भाषण नको.

शेवटचं, तुमचं निवेदन बारा पानी असेल तर कुणी वाचणार नाही. मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा कलमाचा नंबर, त्यातले आत्ताचे शब्द आणि त्याजागी तुम्हाला हवे ते शब्द, बस. प्रत्येकानं वेगवेगळं कलम धरा, सगळ्यांनी एकच पत्र कॉपी-पेस्ट करून पाठवलंत तर ते एकच हरकत म्हणून धरलं जाण्याची भीती असते. आणि लेबलचं कलम कुणाला तरी नक्की द्या, ते सहसा कुणी घेत नाही.