सवाल-जवाब: मुंबईत सहा ऋतू आणायचे कुठून?

मागच्या अंकात ऋतूंच्या गाण्यांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या काय आणि मेसेजचा नुसता पाऊस पडला. घरात बसून स्वतःच गाणी लिहिणारी, चाल लावणारी आणि रेकॉर्डही करणारी एवढी मंडळी आपल्या वाचकांत असतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं अशक्य आहे, म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले तेवढेच घेतलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, तर नुसती ठिकाणं देतेय.

"ताई, मी आयटीत नोकरी करते, गाणी हा सुट्टीचा उद्योग. सहा ऋतूंची सहा गाणी असा अल्बम ठरवलाय. वर्षा झालं, ग्रीष्म ओढूनताणून झालं, पण वसंत, हेमंत, शिशिर लिहायला बसलं की डोकं बंद. मुंबईत मुळात ऋतू दोनच, उन्हाळा आणि पावसाळा. आता काय करू?" (कांजूरमार्ग)

आधी ती सहाची यादी बाजूला ठेव. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा हे आपण शाळेत घोकलेलं असतं, पण जरा बघ ना, आषाढी वारीत लोक डोक्यावर प्लास्टिक घेऊन भिजत चाललेले असतात आणि पुस्तक म्हणतं अजून ग्रीष्म चालू आहे. ही यादी आपल्या किनाऱ्याकडे बघून केलेलीच नाहीये, मग तिच्यात मुंबई कोंबायचा हट्ट कशाला?

पण दोनच ऋतू हेही मला मान्य नाही. फेब्रुवारीत एक्स्प्रेस हायवेच्या कडेला नाहीतर नॅशनल पार्कात सावर आणि पांगारा बघ, अंगावर एक पान नाही आणि लालभडक फुलं. मग मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला कोकीळ सुरू होतो, खिडकीशी, आणि आपली झोप उडवतो. तो माझ्यासाठी वसंत, त्यात गुलाबी असं काही नाही, शिव्याच जास्त असतात. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण फुलतात, ताम्हण तर आपल्या राज्याचं फूल, पण दहातले नऊ मुंबईकर त्याच्याखालून रोज जातात आणि वर बघत नाहीत.

आणि मेच्या शेवटाला जे असतं त्याला तर संस्कृतात नावच नाही, आमच्याकडे त्याला आगोट म्हणतात. सुके बोंबील, सोडे, जवळा, मसाला, कांदे-लसूण, सगळी भरणी एकदाच करून टाकायची. गच्चीवर वाळवणं, सोसायटीच्या ग्रुपवर गळतीवरून भांडणं, निळ्या ताडपत्र्या, रस्त्याच्या कडेला नाल्यातून काढून ठेवलेला गाळ आणि त्याचा वास. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, वर्सोव्याला होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. कोळीवाड्याचं वर्ष असं चालतं, त्याला वसंत-हेमंताशी देणंघेणं नाही. एक अख्खं गाणं आगोटीवर होईल, आणि ते दुसरं कोणी लिहिलेलं नसेल याची निम्मी खात्री मी आत्ताच देते.

ऑक्टोबरचं नुसतं ‘हीट हीट’ करू नकोस. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की भोंडला सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री सात्विण फुलतो, त्याचा वास काही लोकांना गोड लागतो आणि काहींचं डोकं धरतं, माझं धरतं. थंडीचं म्हणशील तर सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ पर्यंत उतरला होता, पण तेवढी कशाला हवी, वीसच्या खाली गेला तरी वॉचमनकाका कानटोपी चढवतात आणि मरीन ड्राइव्हला सीगल येतात. हेमंत आणि शिशिर वेगळे करायच्या भानगडीत पडू नकोस, आपल्याकडे ती सगळी मिळून एकच थंडी, तिला एक गाणं पुरे.

तर सहा नाही झाली तरी चालतील. पाच होऊ देत, सात होऊ देत. आणि एक नियम माझ्याकडून: गाण्यात ऋतूचं नाव घ्यायचं नाही. ‘पाऊस’ हा शब्द न वापरता पावसाचं गाणं लिहून बघ, मग तुला काय काय दिसतं ते बघ. शब्द त्या त्या ऋतूतच लिही, निदान टिपणं तरी काढ. फेब्रुवारीत बसून पाऊस आठवला तर फक्त ‘रिमझिम’ आठवतं, जुलैमध्ये लोकलच्या डब्यात उभी असताना ओल्या छत्र्यांचं पाणी चपलेत कसं जातं ते आठवावं लागत नाही.

"पावसाच्या गाण्यासाठी मल्हार शिकायलाच हवा का? मी पेटी थोडीफार वाजवतो. आणि हे माझं धृवपद, कसं वाटतं सांगा: ‘रिमझिम पाऊस आला, मनात मोर नाचला’." (दादर, कॉलेज विद्यार्थी)

मल्हार शिकलास तर उत्तमच, पण ‘हवाच का’ याचं उत्तर नाही. मियाँ मल्हार रागातला तो आंदोलित, म्हणजे हळू झुलवलेला, कोमल गंधार, दोन्ही निषादांची लगट, हे पेटीवर बोटं ठेवून येत नाही कारण पेटीला आंदोलन घेताच येत नाही, ते गळ्याने आणि गुरूसमोर बसून शिकायचं. अर्धवट मल्हार घालून ‘क्लासिकल टच’ दिलेली गाणी ऐकली की मला चॅनल बदलावासा वाटतो. त्यापेक्षा भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या ऐक. चार-पाच सुरांत फिरतात आणि तरी कंटाळा येत नाही, कारण सगळी मजा बोलण्याच्या लयीत आहे. तुझ्या पेटीला हे झेपेल.

आता धृवपद. मोर मुंबईत बघायचा तर राजभवनात नाहीतर नॅशनल पार्कात, तू दादरला राहतोस, तुझ्या मनात तो आला कुठून? पुस्तकातून आला. मागे तू मेसेजमध्येच लिहिलं होतंस की घरात कपडे वाळत नाहीत आणि आई-बाबांचं भांडण चालू आहे. अरे, गाणं ते आहे! असं काहीतरी बघ:

आठवडा झाला, जीन्स वाळेना
पंख्याखाली दोरी, कुणी बोलेना

अक्षरं मोज, दोन्ही ओळी सहा आणि पाच. पाऊस कुठेही नाही आणि सगळीकडे आहे. हे माझं झालं, तू हेच वापरू नकोस, पण याच मापात तुझ्या घरातलं शोध. अभंगाचं सहा-सहा-सहा-चारचं मापही वापरून बघ, आपल्या कानात ते लहानपणापासून बसलेलं असतं त्यामुळे चाल अर्धी आपोआप सुचते.

"वन रूम किचन, खाली रस्ता, पलीकडे रेल्वे. स्टुडिओ परवडत नाही. घरी रेकॉर्डिंग जमेल का? पंखा बंद केला तर घामाने जीव जातो." (सांताक्रूझ पूर्व)

जमेल, फक्त पावसाचं गाणं पावसात आणि उन्हाळ्याचं मेमध्ये रेकॉर्ड करायचा मोह सोडा. लिहायचं त्या ऋतूत, गळा रेकॉर्ड करायचा डिसेंबर ते फेब्रुवारी. पंखा बंद ठेवता येतो, खिडकी लावता येते, हवा कोरडी असते. जुलैच्या दमटपणात तबल्याचं कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो, दर दहा मिनिटांनी हातोडी घ्या, पेटीचं लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. कंडेन्सर माइकलाही (बारीकसारीक आवाज टिपणारा, स्टुडिओत असतो तो) ओल अजिबात चालत नाही, चर्रचर्र आवाज येऊ लागतो, म्हणून काम झालं की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा, स्टँडवर तसाच नाही.

माइकच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. सगळे कंडेन्सर घ्या म्हणतात, पण तुमच्यासारख्या घरात साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसला) बरा, कारण त्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन गाता येतं, मग गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) कमी ठेवता येतो आणि लांबची रिक्षा तेवढी आत येत नाही. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवरही, म्हणजे वायरीतूनच माइकला द्यायची वीज, लागत नाही. साधा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात मोठ्याने गाता तेव्हाही मीटर उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, २४ बिटमध्ये आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

गोधडी लोक माइकच्या मागे टांगतात. ती तुमच्या पाठीमागे टांगा. माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुमचं तोंड आणि तुमच्या मागची भिंत, तिच्यावरून परत येणारा आवाज अडवायचाय. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी आलं तर आणखी छान. वेळ म्हणाल तर शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत, साधारण रात्री दीड ते पहाटे चार. शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या आणि वरच्या पट्टीतली गाणी रविवारी दुपारी, तेव्हा अख्खी बिल्डिंग जेवून झोपलेली असते.

खरा पाऊस घ्यायचा असेल तर तो मात्र जुलैतच रेकॉर्ड करून ठेवा. फोन चालेल, पण ऑटो गेन बंद करा नाहीतर आवाज आपोआप वरखाली होतो. खुल्या आकाशातला पाऊस रेकॉर्डिंगमध्ये नुसता ‘शूऽऽ’ वाटतो, टीव्हीला सिग्नल नसल्यासारखा. पाऊस कशावर पडतोय ते ऐकू आलं पाहिजे, पत्रा, ताडपत्री, केळीचं पान, बाल्कनीतली उलटी बादली. आणि तो अख्ख्या गाण्याखाली अंथरू नका, पावसाचा आवाज नेमका स, श, च खाऊन टाकतो आणि शब्द कळेनासे होतात. सुरुवातीला द्या, दोन अंतऱ्यांच्या मधे द्या, बास.

"पावसाचं गाणं रिलीज नेमकं कधी करावं?" (बोरिवली आणि इतर बरेच)

मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख हवामान खात्याच्या हिशेबाने ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन धडकला, सगळ्यांचे पोस्टर अर्धेच. म्हणून गाणं एप्रिलमध्ये तयार ठेवा. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी) तीन-चार आठवडे आधी फाइल द्या, स्पॉटिफायच्या एडिटरना पाठवायचं असेल तर निदान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं लागतं. जुलैच्या मध्यात सोडू नका, तोवर लोकांना पावसाचा वैताग आलेला असतो. अर्थात तुमचं गाणं वैतागावरच असेल तर जुलैच!

"एका जुन्या कवीची पावसाची कविता आहे, तिला मी चाल लावलीय. परवानगी लागेल का? शिवाय एक छोटी कंपनी माझी गाणी घेते म्हणतेय, पण ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहून मागतेय." (ठाण्याहून मुंबईत रोज अपडाऊन)

कवी कोण ते लिहिलं नाहीत. आपल्या कायद्यात कवितेवरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. बालकवी १९१८ साली गेले, तर त्यांच्या कवितेला तुम्ही खुशाल चाल लावा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तिथे परवानगी लागणारच. आणि तिसऱ्या कोणी आधी लावलेली चाल हा वेगळा हक्क, कविता मोकळी असली तरी ती चाल मोकळी नसते. तुमची चाल ऐकून कोणी ‘ही तर अमक्यासारखी’ म्हणालं तर रेकॉर्डिंगच्या आधीच बदला.

कंपनीचं जरा नीट वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळायचा हक्क सोडून देताच येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे ‘सर्व हक्क कायमचे’वर सही झाली तरी हा वाटा तुमचाच. पण त्याच्या भरवशावर सही करू नका, कारण रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा हक्क ही तिसरीच गोष्ट आहे आणि तो खरोखरच हातातून जातो. स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड केलंय तर निर्माते तुम्ही, तसं स्टुडिओकडून आणि वादकांकडून एका कागदावर लिहून घ्या, मित्र असले तरी. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणूनच ते ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द आवर्जून घालतात. ते दोन शब्द खोडून पाच वर्षं मागा, बघा काय म्हणतात.

गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व घेऊन टाका, १९६९ पासूनची संस्था आहे आणि मुंबईतच आहे. तिथे प्रत्येक गाणं नोंदवताना शब्दांचा वाटा किती, चालीचा किती ते विचारतात, दोन्ही तुमचं असेल तर दोन्हीकडे तुमचंच नाव घाला, बरेच जण एकाच रकान्यात घालून मोकळे होतात. कराराची प्रत मला पाठवू नका, मी वकील नाही. ज्यांना त्यातलं कळतं त्यांना सहीच्या आधी दाखवा, नंतर नाही.