पाण्याची नळी

बाळा,

परवा तू निघालास तेव्हा पावसाने जोर धरला होता आणि तुला ट्रेनची घाई, त्यामुळे बोलणं जिन्यातच तुटलं. मी रागावले नव्हते. म्हणजे रागावले होते, पण तुझ्यावर नाही. ते पुढे येईलच.

तू दोन तास बसलास. पीएचडी सोडून डेटा सायन्सला जावं का, एआय प्रथिनांचे आकार बसल्या जागी सांगत असेल तर आपण पिपेट धरून काय करायचं, वर्गातला कोण बंगळुरूला किती पगारावर गेला, यातच बहुतेक वेळ गेला. मी पोहे परतत ऐकत होते. मग बशी खाली ठेवता ठेवता तू म्हणालास, ‘‘तसे आमचे ब्लँकपण थोडे पॉझिटिव्ह येतायत, पण सर म्हणाले, त्यातले जिवाणू वजा कर आणि पुढे जा.’’ आणि लगेच परत पगारावर आलास.

तुझं दुखणं तिथे आहे, ज्या नळीत नमुनाच घातलेला नाही तिच्यात जिवाणू दिसण्यात. पगाराचं तू आणि तुझी आई बघून घ्या.

एआयचं एकदाच सांगते. प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्डवाल्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, रास्तच मिळालं. पण ते यंत्र शिकलं कशावरून? जगभरच्या लोकांनी पन्नास वर्षं स्फटिक वाढवले, त्यांवर क्ष-किरण टाकले, एकेक आकार काढून सगळ्यांसाठी ठेवला, त्यावरून. त्यांनी हात आखडता घेतला असता किंवा नोंदी ढिसाळ ठेवल्या असत्या, तर यंत्र कपाळ शिकलं असतं! झालं.

आता पाण्याची नळी. आमच्याकडे ब्लँकला तेच म्हणायचे. प्रायमर, बफर, एन्झाइम सगळं घालायचं आणि नमुन्याच्या जागी निव्वळ पाणी. तिने गप्प बसायचं असतं. ती बोलली, तर बाकीच्या नळ्या काय बोलतायत ते ऐकण्यात अर्थ नाही. तू हे एम.एस्सी.ला लिहून मार्क मिळवलेस, मला ठाऊक आहे. पण लिहिणं वेगळं.

तू स्तनाच्या गाठींमधल्या जिवाणूंचा डीएनए शोधतोयस. गाठीत जिवाणू असले तरी मूठभर. इतक्या कमी मालावर काम करताना डीएनए काढायच्या किटमधला, पाण्यातला, तुझ्या हातमोज्यावरचा डीएनएच मोठ्याने बोलतो. सापडलेल्या जिवाणूंची तुझी यादी मी वाचली. राल्स्टोनिया आहे, ब्रॅडिरायझोबियम आहे. अरे, ब्रॅडिरायझोबियम सोयाबीन-चवळीच्या मुळांवरच्या गाठींत राहतो! त्या गाठींतून तो परळच्या बाईच्या गाठीत कुठल्या लोकलने आला? तो किटमधून आला. ही दोन्ही नावं किटमधल्या भेसळीची म्हणून दहा-बारा वर्षं छापून येतायत.

आणि हे फक्त तुझ्यासारख्या पोरांचं होतं असं नाही. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा पेपर आला: कर्करोगाचा प्रकार त्याच्यासोबत सापडणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएवरून ओळखता येतो. केवढी वाहवा झाली. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा उपसला, तर जिवाणूंचे म्हणून मोजलेले पुष्कळ तुकडे माणसाच्याच डीएनएचे निघाले, आणि आकडे सारखे करण्याच्या गणितानेच त्यात खोट्या खुणा पेरल्या होत्या. २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. विषय अजून जिवंत आहे, गाठींत जिवाणू असतीलही. म्हणूनच तर म्हणते, आधी पाण्याची नळी.

तुला वाटत असेल, मावशीला निवृत्तीनंतर एकच तुणतुणं उरलंय. असू दे. पण गप्प बसायला हवं होतं ती नळी बोलली किंवा बोलायला हवं होतं ती गप्प बसली, आणि त्यातूनच शोध निघाला, असंही होतं. कारिको आणि वाइसमन हे दोन शास्त्रज्ञ, प्रथिन बनवायचा निरोप नेणारा एमआरएनए पेशीबाहेर बनवून पेशींवर टाकायचे तेव्हा पेशी खवळायच्या. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवलेल्या टीआरएनए या दुसऱ्या जातीच्या आरएनएने मात्र त्या शांत राहिल्या. ‘कंट्रोल गप्प, छान’ म्हणून ते पुढे गेले नाहीत. का गप्प, हे विचारलं. टीआरएनएमध्ये स्यूडोयुरिडिनसारखे बदललेले घटक भरपूर असतात, तिथे ते पोचले. तेच घटक एमआरएनएत घातले, तर पेशी शांत. तो पेपर २००५ चा. नोबेल २०२३ मध्ये. मधल्या काळात त्यावर उभी राहिलेली एमआरएनएची कोविड लस कोट्यवधी दंडांत गेली.

इतकं लांब जायलाही नको. तू रोज केईएमवरून चालत जातोस ना? ‘बॉम्बे’ रक्तगट तिथलाच. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ला कळवला. या माणसांच्या लाल पेशी अँटी-ए, अँटी-बी या गट ओळखायच्या दोन्ही द्रवांना दाद देत नाहीत, म्हणजे वरवर पाहता ‘ओ’. पण त्यांचा सीरम, रक्तातला पातळ भाग, ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करतो, कारण ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच अँटिजेनच त्यांच्याकडे नसतो. आता सांग, रिव्हर्स ग्रुपिंगला, म्हणजे माणसाचा सीरम ओळखीच्या पेशींवर टाकून गट तपासताना, ए पेशींची आणि बी पेशींची नळी लावल्यावर तिसरी, ‘ओ’ पेशींची नळी लावायचा कंटाळा कोणाला येत नाही? शंभरदा लाव, हजारदा लाव, काही होत नाही. आणि आपल्या देशात सुमारे १०,००० माणसांमागे एकदा होतं. त्या दिवशी ती नळी नसली आणि साधं ‘ओ’ रक्त चढलं, तर माणूस जाऊ शकतो. मी नवीन मुलींना हेच दाखवायचे. रिकाम्या वाटणाऱ्या नळीसाठी हात आखडू नका म्हणायचे.

म्हणायचे. आता माझं ऐक.

१९९४. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, आमच्याकडे नवं होतं. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये मणक्यातल्या पाण्यात जंतू शोधायचं काम मी घेतलं होतं. आयएस६११० हा टीबीच्या जंतूच्या डीएनएमधला तुकडा, जेलवर दिसणारा १२३ बेसजोड्यांचा पट्टा. प्रती काढणारं टॅक एन्झाइम परदेशातून सुक्या बर्फात यायचं, एकदा तर कस्टममध्येच बर्फ संपला. एका रिॲक्शनचा खर्च काढला की पोटात गोळा यायचा. अशात पाण्याच्या नळीवर टॅक घालवणं म्हणजे घरातलं तूप ओट्यावर सांडल्यासारखं वाटायचं. आणि पीसीआरच्या आधीचं नि नंतरचं काम वेगळ्या खोल्यांत करावं, हे कळत होतं, पण खोली कुठून आणायची? एकच टेबल, मध्ये कपाट. हे सगळं खरं आहे आणि तरी मी हे सांगताना सारवासारव करतेय, हेही मला कळतं.

माझ्याकडे एक टेक्निशियन मुलगी होती, डोंबिवलीहून यायची. एका संध्याकाळी तिने जेलचा पोलरॉइड माझ्यासमोर ठेवला. ‘‘मॅडम, ब्लँकमध्ये पट्टा आहे.’’ मी म्हटलं, पुन्हा कर. दुसऱ्या दिवशीही पट्टा. पुन्हा कर. तिसऱ्या दिवशी ब्लँक स्वच्छ आलं आणि मी तोच फोटो स्लाइडला घेतला. पहिल्या दोन दिवसांच्या नळ्यांचं काय, असं तिने विचारलं. मी तिला म्हटलं, ‘‘तू वजा कर आणि पुढे जा.’’ शब्द हेच. तू परवा तुझ्या सरांचं वाक्य सांगितलंस तेव्हा माझ्या हातातला चमचा थांबला तो यासाठी.

परिषदेत टाळ्या पडल्या. पुढे दुसऱ्या एका लॅबला आमचे आकडे मिळेनात. आमचं टेबलच माखलं होतं, पिपेटच्या नळकांड्यातसुद्धा तो १२३ चा तुकडा भरला होता. कोणाचं औषध त्या निकालावर बदललं नाही. मी चौकशी केली होती, नीट केली होती. मुलगी मात्र त्याआधीच काम सोडून गेली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली कुठेतरी. तिला पत्र लिहायला एकतीस वर्षं पुरली नाहीत मला, आणि तुला बघ, तिसऱ्या दिवशी लिहायला बसले.

म्हणून तुझ्या सरांना मी वाईट म्हणणार नाही. वजा करणं हा गुन्हा नाही. त्यासाठी संख्याशास्त्रीय पद्धती आहेत, त्या वापर. पण काय वजा केलं, कुठल्या दिवशीच्या, कुठल्या किटच्या लॉटच्या ब्लँकमधून, हे पहिल्या आकृतीत दिसू दे, पुरवणीच्या सतराव्या पानावर नको. डीएनए काढण्याच्या पायरीपासूनच ब्लँक लाव, फक्त पीसीआरला नको. गाठी जतन केलेल्या पॅराफिनच्या ठोकळ्यात ऊतीशेजारचं नुसतं मेण असतं, ते कापून त्याचाही डीएनए काढ. प्रत्येक बॅचला. मग जे उरेल ते तुझं. काहीच उरलं नाही, तर तेही तुझंच. ‘मग माझी पीएचडी कशी होणार’ हे मला फोनवर विचारू नकोस. होते. मी अशा दोन केल्या आहेत.

एक गोष्ट मात्र तू विचारली नाहीस आणि मला तिचं सोपं उत्तर नाही. कंट्रोल दर वेळी पाणीच असेल असं नाही. याच मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी सुमारे दीड लाख बायकांवर चाचणी केली. व्हिनेगरमधलंच ॲसिटिक आम्ल लावून, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या बायकांनी गर्भाशयमुख तपासायचं. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटाला आरोग्याची माहिती दिली, तपासणी नाही. त्या बायकांवरून जगभर वाद झाला आणि तो उगाच नव्हता. पण त्या गटाशिवाय ३१ हा आकडा कोणी मानला नसता. त्याच चाचणीत स्तनांच्या तपासणीचा निकाल २०२१ मध्ये आला: सगळ्या वयांचं मिळून मृत्यूंत ठाम फरक नाही, पन्नाशीपुढच्यांत आहे. त्यांनी तसंच छापलं. मला त्या दुसऱ्या गटातल्या बायका आठवतात. म्हणजे त्यांतली एकही मला माहीत नाही, तरी आठवतात. पाण्याची नळी फुकट वाटते तेव्हा त्यांच्याकडे बघ. तिथे ती फुकट नव्हती.

असो. आता काम. शनिवारी ये. रंगीत ग्राफ, स्लाइड काही नको. ब्लँकच्या कच्च्या फाइल्स आण, कुठल्या तारखेच्या आहेत ते लिहून. लॅबबुकही आण, आणि त्यातलं एकही पान फाडलं असशील तर तसं सांग, मी ओरडणार नाही. सरांशी कसं बोलायचं ते मग ठरवू. लागलं तर मी येईन, पण मागे बसेन, बोलायचं तू.

त्या मुलीची वही माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, ही मी स्वतःहून उचलून आणली. तिने ते पहिले दोन्ही फोटो फेकले नव्हते. तारीख घालून चिकटवलेत, खाली तिच्या बारीक अक्षरात ‘ब्लँक पॉझिटिव्ह, मॅडमना दाखवलं’. फोटो आता पिवळे पडलेत. शेवटच्या लेनमधला पट्टा अजून दिसतो. शनिवारी दाखवते.

तुझी
मावशी