सांदवाडीतला पोहण्याचा हौद आणि शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार

प्रश्न : आमचे घर वर्धा जिल्ह्यातील एका गावाच्या गावठाणात आहे. मुलाने 15 फूट व्यासाचा आणि 4 फूट उंचीचा, पत्र्याचे पॅनल व आत प्लास्टिकचे अस्तर असलेला तयार पोहण्याचा हौद विकत आणला. चढउतार सोपी व्हावी म्हणून तो दोन फूट जमिनीत आणि दोन फूट वर असा बसवायचे ठरले व सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या मोकळ्या जागेत, खड्डाही खोदून झाला. खड्ड्यापासून तीन फुटांवर माझ्या चुलतभावाच्या घराची जुनी मातीची भिंत आहे. तिचा पाया दोन फुटांपेक्षा खोल नाही, असे तो म्हणतो. 1994 मध्ये आमच्यात तोंडी वाटणी झाली, पण नमुना 8 अजून आजोबांच्या नावे आहे. चुलतभावाच्या अर्जावरून ग्रामपंचायतीने काम थांबवण्याची नोटीस दिली आहे आणि तलाठी मातीच्या रॉयल्टीबद्दल विचारत आहेत. हौद विकत आणलेला आहे, बांधलेला नाही. मग परवानगी कशाची? आणि स्वतःच्या जागेत खोदण्यापासून मला कोणी अडवू शकतो का?

उत्तर : आपल्या पत्राचा सारा भर हौद ‘बांधलेला नाही’ यावर आहे. हा हौद सपाट जमिनीवर नुसता मांडला असता, तर त्या मुद्द्यात पुष्कळ बळ होते. परंतु आपली अडचण हौदाची नसून खड्ड्याची आहे, आणि खड्डा विकत आणता येत नाही.

प्रथम परवानगीचा प्रश्न घेतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 प्रमाणे गावठाणात कोणतीही इमारत उभारण्यापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते, आणि या अधिनियमातील ‘इमारत’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. राहत्या घराबरोबरच भिंती, ओटे, पक्के चौथरे यांचाही तिच्यात समावेश होतो. खड्ड्याच्या तळाशी काँक्रीट टाकून सभोवती माती अडवणारी भिंत घातली की ते काम या व्याख्येत येते, असे माझे मत आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ती भिंत घातल्याशिवाय आपले काम सुरक्षित होणार नाही. म्हणून नोटिशीविरुद्ध भांडत बसण्यापेक्षा रीतसर नकाशा जोडून अर्ज करणे शहाणपणाचे. खोदलेली माती बोळात टाकली असेल, तर ती आजच उचलावी. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळ्याबाबत ग्रामपंचायतीला कलम 53 खाली स्वतंत्र अधिकार आहेत आणि तेवढे एक निमित्त पुरते.

आता मुख्य मुद्दा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 हा शेजारच्या जमिनीवरील वाट, आधार अशा हक्कांचा कायदा तत्कालीन मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या वर्धा-नागपूरकडे, आरंभापासूनच लागू आहे. मुंबई प्रांताला तो 1891 मध्ये मिळाला. त्याच्या कलम 7 प्रमाणे प्रत्येक जमीनमालकाला आपल्या जमिनीस लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क मोकळ्या, न खोदलेल्या आणि कृत्रिम भार नसलेल्या जमिनीपुरता आहे, आणि चुलतभावाच्या जमिनीवर तर भिंत उभी आहे, असा युक्तिवाद आपला वकील करू शकेल. मात्र तो टिकणार नाही. कलम 15 प्रमाणे भिंतीसारख्या वास्तूला शेजारच्या जमिनीचा आधार वीस वर्षे शांततेने, हक्क म्हणून व अखंड मिळत आला असेल, तर तो हक्क पूर्ण होतो. त्याहीपेक्षा आपल्याला जड जाणारी तरतूद कलम 13 ची आहे. एकत्र मिळकतीची वाटणी होते तेव्हा एका वाट्याचा उपभोग घेण्यासाठी दुसऱ्या वाट्यावर जी सुविधा आवश्यक असते, ती वाटणीबरोबरच मिळते. तिच्यासाठी वीस वर्षे मोजावी लागत नाहीत. भिंत 1994 च्या आधीची असेल, तर चुलतभावाला दोन्ही वाटा खुल्या आहेत.

आज भिंतीला तडा नाही म्हणून आपण निश्चिंत असाल, तर कलम 34 व 35 एकत्र वाचावीत. आधार काढून घेतल्याबद्दल नुकसानभरपाई मागायची, तर प्रत्यक्ष भरीव नुकसान व्हावे लागते. परंतु मनाई हुकूम मागण्यासाठी तेवढी वाट पाहावी लागत नाही, होऊ घातलेल्या कृत्याने हक्काला बाधा येणारच हे दाखवले तरी पुरते. आणि हे दाखवणे आपल्याकडच्या मातीत अवघड नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते, तेव्हा पायाच्या खोलीइतकाच खोल असलेला उघडा खड्डा मृगाच्या पावसात कडेने ढासळू लागला, तर भिंतीखालची माती सरकणार हे सांगायला तज्ज्ञाची फारशी गरज पडणार नाही. न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली पाहणीसाठी कमिशनर नेमू शकते, आणि त्या कमिशनरने पावसाळ्यात पाहणी केली तर त्याचा अहवाल काय असेल, याचा अंदाज आपण करू शकता.

हौद भरल्यावर त्यात सुमारे 20,000 लिटर, म्हणजे वीस टन पाणी असेल. स्वतःच्या जागेत साठवलेले पाणी सुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही साठवणारा जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1868 मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात मान्य केले आणि आपली न्यायालयेही ते मानतात. त्याला आपल्याकडे एक अपवाद झाला : मद्रास इलाख्यातील सिंचनाचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, जमीनदाराला जबाबदार धरले नाही, कारण ते तलाव लोकांच्या गरजेचे होते आणि ते राखणे त्याचे कर्तव्य होते. घरच्या मौजेच्या हौदाला ही सवलत कोणी देणार नाही.

तयार हौदाबाबत एक तांत्रिक बाबही कायद्याशी जोडलेली आहे. अशा हौदाचे पत्रे आतल्या पाण्याचा बाहेरच्या दिशेचा दाब सोसण्यासाठी बनवलेले असतात, बाहेरून मातीचा रेटा सोसण्यासाठी नव्हे. हौद रिकामा केला की ओली माती पत्रा आत ढकलू शकते. त्यामुळे जमिनीत गाडल्यास हमी रद्द होते, असे अनेक उत्पादक लिहून ठेवतात. आपले हमीपत्र तपासावे. ‘अर्धा गाडला तरी चालतो’ असे विक्रेत्याने लेखी दिले असेल, तरच ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली त्याच्याकडे बोट दाखवता येईल. म्हणूनच माती अडवणारी स्वतंत्र भिंत, ती व पत्रा यांच्यात मोकळी जागा आणि पाण्याचा निचरा यांचा आग्रह मी धरतो.

रॉयल्टीची भीती मला फारशी वाटत नाही. खड्ड्यातून जेमतेम साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती निघाली असेल. पायासाठी काढलेली माती त्याच जागेत भराव किंवा सपाटीकरणासाठी वापरली, तर त्यावर मातीबाबतच्या 2000 च्या अधिसूचनेखाली स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे यांच्या प्रकरणात 3 डिसेंबर 2014 रोजी म्हटले आहे. माती आवारातच ठेवावी. विकली किंवा परवान्याशिवाय बाहेर नेली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 48(7) आहे आणि दंड बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत जातो. तसेच हौद शेतीपंपाच्या जोडणीवर भरू नये. मंजूर कारणाखेरीज वीज वापरल्यास विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

गावातील मुले आवारात सहज येतात. सार्वजनिक वाटेलगतच्या उघड्या हौदाला किंवा खड्ड्याला कुंपण घालण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली देऊ शकतात, आणि निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुलूप लागणारे कुंपण हौदाआधी, किंबहुना आजच्या खड्ड्याभोवतीच, उभे राहिले पाहिजे.

नमुना 8 चा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण वाद चिघळला तर तो केंद्रस्थानी येईल. हा उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तोंडी वाटणीही कायद्याला अमान्य नाही. तथापि चुलतभावाने वाटणीच नाकारली, तर सांदवाडी सामाईक ठरेल आणि सामाईक जागेचे रूप सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, हा त्याचा सर्वांत सोपा मुद्दा होईल. मात्र ज्या कलम 13 वर तो अवलंबून राहील, त्यासाठी त्याला वाटणी मान्य करावीच लागेल. ही कोंडी दोघांचीही आहे, त्यामुळे आपसात बोलणी होण्यास जागा आहे.

माझा सल्ला असा : खड्डा भिंतीपासून निदान आठ-दहा फूट दूर न्यावा, सांदवाडी तेवढी नसेल तर हौद पूर्णपणे जमिनीवर ठेवून पायऱ्या कराव्यात. जुना खड्डा पावसाआधी मुरूम टाकून थरांनी दाबून भरावा, आणि भरण्यापूर्वी चुलतभावाच्या उपस्थितीत भिंतीची तारखेसह छायाचित्रे काढून घ्यावीत. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे, त्यात काम थांबवल्याचे नमूद करावे आणि नव्या जागेचा नकाशा जोडावा. वर्धा जिल्ह्यातील आपल्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेटही, म्हणजे ‘आधी आमचे ऐका’ अशी पूर्वसूचना, दाखल करावे. ते नव्वद दिवस टिकते आणि त्या काळात आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई हुकूम निघण्याचा धोका राहत नाही.