आधी सेतूच्या खिडकीपाशी उभी राहा

प्रश्न: मी नागपूरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दाखले, जमिनीच्या नोंदी अशा सेवा ब्लॉकचेनवर आणण्याचं काम करायचंय. बाबा म्हणतात, हे बिटकॉइनचं खूळ आहे. काय करू?

उत्तर: बाबांची भीती उगाच नाही. टोकनच्या, म्हणजे अशा आभासी नाण्यांच्या, भावामागे धावून हात पोळलेली मुलं माझ्याकडे येतात. पण तुझं काम वेगळं आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे 65,000 जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडायचं काम हाती घेतलं गेलं. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेली, मागाहून गुपचूप बदलता न येणारी नोंदींची साखळी. अशा पद्धतीत साखळीवर चढतो तो दाखल्याचा हॅश, म्हणजे फाइलचा अंगठाच म्हण. एक अक्षर बदललं की अंगठा जुळत नाही.

पण नोंद करतानाच चूक झाली तर? साखळी ती चूकही तितक्याच इमानाने जपते. प्रवेशाच्या दिवसांत एक मुलगा माझ्यासमोर रडवेला होऊन बसला होता. मार्कशीटवर आडनावात ‘ड’, दाखल्यावर ‘ढ’. तेवढ्यासाठी त्याच्या गावाकडे तीन फेऱ्या झाल्या होत्या. दुरुस्ती कोण करणार, जुना दाखला रद्द कसा होणार, सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली की त्यांच्या डिजिटल सहीची किल्ली कुणाकडे जाणार, हे आधी ठरवावं लागतं. मला तरी खरं काम इथेच दिसतं.

म्हणून परवानगी काढून आठवडाभर एखाद्या सेतू केंद्रात बस. लोक कोणत्या कागदावर अडतात, ते वहीत टिपून घे. डेटाबेस, नेटवर्क, क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवायचं शास्त्र) पक्की कर. मग सॉलिडिटी ही ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा शिक. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर ब्लॉकचेनचा कोर्स फुकट शिकता येतो, फी फक्त परीक्षेची. केंद्र सरकारनेही 2024 मध्ये ‘विश्वस्य’ हा ब्लॉकचेनचा सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, आणलाय, तोही अभ्यास. फक्त ब्लॉकचेनवर नागपुरात लगेच नोकरी मिळेल, या भरवशावर मात्र राहू नकोस. पाया पक्का असेल तर मिहान या नागपूरच्याच उद्योग क्षेत्रातल्या कंपन्यांतही शिरता येईल.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या बोनाफाईडची पडताळणी कर, टेस्ट नेटवर्कवर, म्हणजे खरा पैसा लागणार नाही. झाला की बाबांच्याच मोबाइलवर दोन बोनाफाईड पाठव, एक खरं, एक फेरफार केलेलं, आणि ओळखायला सांग.