आजीचा कावळा

प्रिय चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलवर आजीने जेवायच्या आधी खिडकीत पोळीचा चतकोर ठेवला आणि ‘काव काव’ अशी हाक मारली. नंतर तू विचारलंस, "अण्णाआजोबा खरंच कावळा होऊन येतात का?"

माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी आपल्याकडे नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याने चोच लावायची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा मागे राहिली नाही, असं मानतात. अण्णांच्या वेळी वाईच्या घाटावर कावळे झाडावर बसून होते, खाली एकही उतरेना. मग घरचे एकेक जण हात जोडून पुढे झाले. काका म्हणाला, "अण्णा, आईला एकटं ठेवणार नाही." आत्या म्हणाली, "तुमची झाडं मी बघेन." मग एक कावळा उतरला. भुकेने उतरला असेल, हे मलाही कळतं. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात, तीही सोय आहे. पण आमच्या घरात एरवी कोणी असं बोलून दाखवत नाही, आणि काकाने तो शब्द आजवर पाळलाय. मला त्या विधीत हेच फार मोठं वाटतं.

आजीचा कावळा मात्र रोजचा. अण्णाच आधी त्याला घास टाकायचे. मान राखाडी, एका पायाने लंगडा. आता येतात ती त्याची पिल्लं असतील. आजी म्हणते, "ह्यांच्या ओळखीचे आहेत." आणि यात अशक्य काही नाही बरं का! आपल्या सिएटलमध्येच, वॉशिंग्टन विद्यापीठात, जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मुखवटे घालून काही कावळे पकडले, पायात खुणेची कडी अडकवून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करायचे. कधीच न पकडलेलेसुद्धा, आणि नंतर जन्मलेलेसुद्धा. राग असा पिढीतून पिढीत उतरतो, तर घास देणाऱ्याची ओळखही उतरत असणार, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून अण्णा कावळा झाले असं मी म्हणणार नाही. अण्णांना ओळखणारे कावळे वाईत आहेत, एवढं म्हणेन. आजीला नेमकं काय वाटतं ते तिलाच विचार, तिला आवडेल.

इथले कावळे नखशिखांत काळे, आपल्या गावकावळ्याहून थोडे मोठे. हिवाळ्यात संध्याकाळी बॉथेलच्या पाणथळीत ते हजारोंनी मुक्कामाला येतात, तिथे तुला नेणारच आहे. त्याआधी पितृपक्षात, भाद्रपद वद्य सप्तमीला, अण्णांची तिथी आहे. खीर मी करते, वडे तू थाप. पान डेकवर ठेवू आणि हाक तू मार.

तुझी,
आई