पायरियात दाताभोवतीचं हाड जंतू खातात का?

तुम्ही विचारलंय की ब्रश करताना रक्त येतं, हाड झिजलंय असं डॉक्टर म्हणतात, मग जंतू मारायला अँटिबायोटिकचा कोर्स केला तर भागणार नाही का?

नाही भागणार. जंतू हाड खात नाहीत. हाड विरघळवतं ते आपलंच शरीर. मी हिरड्यांची डॉक्टर आहे, आणि हे सांगितलं की खुर्चीतला पेशंट हमखास माझ्याकडे संशयाने बघतो.

मुळात निरोगी हिरडीही स्वस्थ बसलेली नसते. खुणांची बारीक सळई दात आणि हिरडीमधल्या खाचेत सरकवली की ती १ ते ३ मिलिमीटरवर अडते. तिथल्या पेशी इंटरल्युकिन-८ हे बोलावणं धाडणारं रसायन सोडत असतात आणि त्याच्या मागावर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून निघून खाचेत उतरतात. ही गस्त दिवसरात्र चालू असते, आपल्याला पत्ताही नसतो.

कीटण, म्हणजे दातांवरचा जंतूंचा चिकट थर, साचलं की जंतूंचे तुकडे पेशींवरच्या टीएलआर ग्राहींना (जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात, पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि इंटरल्युकिन-१, टीएनएफ ही सूज वाढवणारी रसायनं भराभर बनतात. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. इथून परत फिरता येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हिरड्यांचे संशोधक लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांचं दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, सफाई सुरू होताच पूर्ववत झाल्या.

सूज खोल गेली की मात्र तिथल्या पेशी रँकल हे प्रथिन वाढवतात. त्याच्या इशाऱ्यावर हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात आणि रँकलला आवरणारं ओपीजी हे दुसरं प्रथिन कमी पडतं. असं गेलेलं हाड आपसूक भरून येत नाही.

सगळ्यांचंच जातं असंही नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांवर लोए यांचाच अभ्यास आहे. दात घासायची पद्धतच नव्हती, कीटण सगळ्यांच्याच तोंडात. तरी ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरडीच्या सुजेवरच थांबलं. म्हणजे फरक शरीराच्या प्रतिसादात. अनियंत्रित मधुमेहात तो आणखी भडकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत उलट रक्त कमी येतं, त्यामुळे रोग लपून राहतो.

कीटणाच्या चिकट थरात गोळीचं औषध नीट शिरत नाही, म्हणून आधी हिरडीखालची सफाई करून घ्या. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणं सोडू नका. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. आणि प्रत्येक दाताची खाच किती मिलिमीटर खोल आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे तीन महिन्यांनी ताडून बघता येईल.